वाचून दाखवलेला अंक

गेल्या मार्चमध्ये आमच्या सिनेमासिकाचा एक अंक आम्हाला न विचारता ध्वनिमुद्रित झाला आणि मूळ अंकापेक्षा जास्त फिरला. एका वर्गणीदाराने फोन करून सांगितलं, "या वेळचा अंक छान ऐकू आला." आम्ही तो ऐकण्यासाठी काढला नव्हता.

मासिक धारवाडहून मराठीत निघतं, कुठल्याही संस्थेच्या आधाराशिवाय. सुरुवातीला ते हुबळीच्या एका छापखान्यात खिळे जुळवून छापत. मग ऑफसेट आलं. मग छापखान्याने छोटी कामं घेणं बंद केलं आणि अंक पीडीएफ होऊन वाचकांच्या फोनवर जाऊ लागला. संपादक अण्णा म्हणजे सप्तापूरचे एक निवृत्त वकील. या सगळ्या बदलांत त्यांनी पानाचे दोन स्तंभ तेवढे सोडले नाहीत. फोनवर असं पान वाचायचं म्हणजे बोटाने वर ढकलायचं, पुन्हा खाली आणायचं, मग बाजूला सरकवायचं. हे त्यांना अनेकांनी सांगितलं. मीही सांगितलं. "मासिक आहे हे, मेसेज नव्हे," एवढंच उत्तर मिळालं.

ध्वनिमुद्रण नवनगरच्या एका निवृत्त शिक्षिकेने केलं होतं; त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या अळणावरच्या बहिणीला आता डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी अंक फोनवर वाचून पाठवला. बहिणीने तो ओळखीच्या सगळ्यांना पाठवला.

अण्णांच्या घरी आम्ही दोघांनी तो ऐकला. आवाज स्वच्छ होता. एका परीक्षणाच्या मध्यावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं यांनी पानभर कॅमेराच लावलाय. सोडते ते. नवरा शेवटी परत येतो, एवढं कळलं की झालं. साकु, पुरे."

कॅमेऱ्याचं ते पान अण्णांनी लिहिलं होतं. सिनेमाचा शेवट सांगायचा नाही, हा मासिकाचा पहिल्या अंकापासूनचा नियम.

"गाळलेला अंक माझा नव्हे," अण्णा म्हणाले. "त्या बाईंना थांबव. नाहीतर मासिक बंद." ही धमकी पूर्वीही ऐकली होती. या वेळी त्यांनी लेखकांना फोन करून लेख पाठवू नका म्हणून कळवलं.

मी नवनगरला जाऊन निरोप सांगितला.

"थांबते की," अक्का म्हणाल्या. "पण बहिणीला काय सांगू? वकील रुसले म्हणून?"

"थांबू नका. सगळं वाचा, एवढंच माझं म्हणणं आहे."

"सगळं? तुम्ही तरी वाचता होय?"

मुद्रितं मीच तपासतो, असं मी सांगितलं.

"मग तुमची ड्यूटीच झाली ती. तिकडं ती झोपते हो. कॅमेरा सुरू झाला की घोरते."

शेवटी त्या एक शब्दही न गाळता आणि शेवट न सांगता वाचायला तयार झाल्या. अट एकच. एका बैठकीत संपणार नाही तो लेख त्या परत पाठवतील. मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

"परत पाठवणार? मग संपादक कोण?"

अक्कांना पलीकडचं ऐकू गेलं. "तेच की. मी आपली वाचणार. वाचवलं तर."

अण्णांनी फोन ठेवला.

दोन महिने अंक निघाला नाही. या काळात वाचकांचे जे फोन आले, त्यांत पीडीएफ कुठे अडली असं एकानेही विचारलं नाही. सगळे बाईंची तब्येत विचारत होते. मी हे अण्णांना कळवलं.

जूनमध्ये त्यांनी मला न सांगता पाच लेख नवनगरला पाठवले. अक्कांनी तीन वाचले, एकही वाक्य न गाळता, आणि तेवढ्यांचाच अंक निघाला. दोन परत आले. त्यांतला एक अण्णांचा होता. त्यांनी तो कापून गेल्या सोमवारी पुन्हा पाठवला. काल संध्याकाळपर्यंत तो परत आलेला नव्हता.