प्रमोददादाचा न दाखवलेला निकाल

प्रमोददादा आज सकाळी गेला. आणि त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम मी तुम्हाला दाखवू शकत नाही.

हार्ट अटॅक. सेक्टर 10 च्या घरी, चहा गाळता गाळता.

रायपूरजवळ, नेहरू नगरच्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात तो माझा सीनियर. सगळे हिंदीवाले, माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच.

एकदा त्याने डोक्यात घेतलं. फुकटातला ओपन सोर्स डेटाबेस आणि एका बड्या कंपनीचा महागडा डेटाबेस, कोण जास्त पळतो ते मोजायचंच. मशीन तेच, डेटा तोच.

महागड्याचं सेटिंग आधी नीट करत बसला, तेव्हा मी वैतागले. "दादा, त्याचे इतके लाड कावून?"

"मंग त्याले उपाशी पळवू का? बेइमानी होते पोरी ते."

ग्राफ तयार झाला. रायपूरला सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटअपमध्ये दाखवायचा ठरला. दादाने नवा शर्ट घेतला.

आदल्या दिवशी बॉस म्हणाले, "प्रमोद, लाइसेंस पढ़ा है? बिना परमिशन रिजल्ट बाहर नहीं जा सकता।"

महागड्याच्या करारात खरंच तसं लिहिलं होतं. इन्स्टॉल करताना दादानेच न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबलं होतं. आपण सगळेच दाबतो.

तरी तो मीटअपला गेला. म्हणाला, दोन्ही मोजलेत, पण एकाचाच आकडा दाखवता येतो.

मागून कुणीतरी ओरडलं, "भैया, फ्री वाला जीतता तो दिखा देते ना!"

हॉल हसला.

परतताना गाडीत एवढंच बोलला, "मले खोटारडा समजून राहिले ते."

मग परवानगीसाठी त्या बड्या कंपनीला मेल करत राहिला. उत्तर कधी आलंच नाही. लोक भेटले की चिडवायचे. तो हसायचा, पण लागायचं त्याला.

आज वहिनींनी मला बाजूला घेतलं. "हे खोटं नव्हते बोलत ना वो? तू त पायलं होतं. आता तरी लोकाइले सांग."

काय सांगू?

तो करार आमच्या ऑफिसच्या गळ्यात अजून आहे. आकडे लिहिले तर माझी नोकरी जाईल. कोण जिंकलं हेही लिहिता येत नाही.

गेलेल्या माणसाची बाजू घ्यायलाही परवानगी लागते. कोंडल्यासारखं होतंय, आणि खूप राग येतोय.

तरी एवढं लिहितेच, मग काय व्हायचं ते होवो.

वहिनी, मी त्याच्या शेजारी बसून सगळं पाहिलंय. दादा खरं बोलत होता.

शेवटचा जयभीम, दादा.