चारुदत्त मयेकरांचा नीटनेटका डबा

कॅनडातल्या कोक्विटलामच्या मराठी मंडळींत चारुदत्त मयेकरांच्या माशांपेक्षा त्यांच्या सबबींना जास्त भाव होता. एकदा पाणी गढूळ, एकदा ऊन जास्त, एकदा कुणीतरी नदीच्या वरच्या अंगाला कुत्रं पोहायला सोडलेलं. पण सलग तीन सीझन एकही सॅमन गळाला लागेना, तेव्हा सबबी संपल्या आणि त्यांनी हक्काच्या माणसाकडे बोट दाखवलं. बायकोकडे.

"तू काठावर बसून बडबडतेस, सुनेत्रा. मासे पळतात."

"मासे मराठी समजतात होय? बरं झालं सांगितलंत."

तेव्हापासून सुनेत्राबाई विणकाम घेऊन गाडीत बसायच्या. काच मात्र मुद्दाम खाली.

मयेकर मूळचे मालवणचे, त्यामुळे मासा हा घरातलाच विषय. कॅनडात आल्यावर पहिल्याच फॉल सीझनमध्ये त्यांच्या नीलने, वय वर्षं सहा, सॅमन ओढून काढला आणि घाबरून पुन्हा पाण्यात टाकायला निघाला. सुनेत्राबाईंनी तो वरच्यावर झेलला. घरी हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रावसासारखा तळला, तर स्मोक अलार्म कोकलायला लागला. शेजारी चौकशीला आले ते जेवूनच गेले. पुढे दर वर्षी एखादा तरी मासा यायचाच. गळांचा डबा गॅरेजमध्ये कसाही लोळत असे, गळ एकमेकांत गुंतलेले, तरी यायचा.

मग चारुदत्त रिटायर झाले. रिटायर झालेल्या माणसाला घरात काहीतरी सुधारायचं असतं. सुनेत्राबाईंनी त्यांना किचनमधून हाकललं, म्हणून ते बेसमेंटमध्ये उतरले. गळांच्या डब्याला कप्पे पाडले, कप्प्यांना लेबलं लावली. आणि नेमका तेव्हापासून नदीने हात आखडता घेतला.

गेल्या गणपतीत तर, मोदक तोंडात असताना, त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, "पुढच्या सीझनलाही मासा नाही मिळाला, तर रॉड्स नीलला देऊन टाकतो." नील राहतो एडमंटनला आणि मासा आणतो दुकानातून. म्हणजे रॉड्स थेट माळ्यावर. बोलून गेल्यावर मयेकरांनी पुढचा मोदक ताटात परत ठेवला, पण शब्द गेला तो गेला.

यंदा नीलची मुलगी ईशिता सुट्टीला आली होती. सीझन उघडायला दोन दिवस होते. चारुदत्तांनी मासेमारीचं लायसन्स खिशात ठेवलं, रॉड पुसले आणि नातीला मोठ्या थाटात डबा उघडून दाखवला. ती वाकली आणि तिने नाक दाबलं.

"आजोबा, इट स्मेल्स लाइक आजीज सारी क्लोजेट."

सुनेत्राबाई जिन्यावरून खाली आल्या. प्रत्येक कप्प्यात, माशांना भुलवायला पिसं बांधलेल्या गळांशेजारी, एकेक पांढरी डांबरगोळी.

"हे काय?"

"पिसांना कसर लागते," चारुदत्त म्हणाले. "आपण शालूत नाही का ठेवत?"

"शालू पाण्यात टाकून मासे बोलावतो का आपण? सॅमनचं नाक केवढं तिखट असतं. तुम्हीच सांगता ना, वासावरून जन्माची नदी शोधतो म्हणून."

चारुदत्त बराच वेळ लेबलं वाचत बसले. मग दोन दिवस तिघांनी गळ साबणाने घासले, उन्हात वाळवले, पुन्हा घासले. डबा ईशिताने थेट रिसायकलिंगमध्ये टाकला.

शनिवारी सकाळी चारुदत्तांनी स्वतः गाडीतून खुर्ची काढली आणि काठावर मांडली.

"बस. हवं तेवढं बोल."

सुनेत्राबाई बसल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. एक तास, दोन तास, ब्र नाही. चारुदत्त कासावीस. "अगं, निदान हवेबद्दल तरी बोल." बाई आपल्या विणतायत.

अकराच्या सुमाराला रॉड वाकला. अर्धा तास झटापट झाली. शेवटी जाळं पुढे केलं ते ईशिताने. चांगला हातभर सॅमन.

चारुदत्त धापा टाकत खडकावर बसले. रॉड मांडीवर आडवा, दोन्ही हातांनी धरलेला. आता एडमंटनचा माळा रिकामाच राहणार होता.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "गप्प बसलीस, लगेच मिळाला."

त्यानंतर सुनेत्राबाई ज्या बोलायला लागल्या, त्या घर येईपर्यंत थांबल्या नाहीत.