राहीकाकीचा नारिंगी गुलाब

आमच्या हर्णेत गुलाब म्हटला की देवाला वाहायचा गावठी, गुलाबी. शेजारच्या राहीकाकीच्या दारात मात्र नारिंगी होता, एकेका फांदीला सात-आठ फुलांचा झुपका येणाऱ्या जातीचा. वास जवळजवळ नाहीच, म्हणून आळीतल्या बायका नाकं मुरडायच्या. मला गुलाब आवडायचा, त्या बायका नाही.

तिचा नवरा दादूकाका फत्तेमारीवर, शिडाच्या मालवाहू गलबतावर, खलाशी. एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात त्यानं मुंबईहून हे कलम रॉकेलच्या डब्यातून आणलं. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून उंचवट्यावर लावलं, मुळाशी मासळी धुतलेलं पाणी घातलं. नारळी पौर्णिमेनंतर निघताना म्हणाला, "दसऱ्याला गुडघ्याइतका काप गो. भिऊ नको. दीड महिन्यात झाड भरंल."

काकीनं कापला नाही. घरचा माणूस दर्यावर असेतो अंगणातल्या झाडाला लोखंड लावायचं नाही, ही तिच्या सासूची शिस्त. आणि दसऱ्याला दादूकाका कायम दर्यावरच! वैशाखात परतला तेव्हा काठीसारखा वाढलेला गुलाब पाहून खो खो हसला. "पुढल्या साली तरी काप."

पुढल्या साली फत्तेमारी मलबारहून कौलं भरून निघाली, ती आलीच नाही. बाकीच्या खलाशांच्या घरी दिवसपाणी झालं. काकी कुणाचं ऐकेना. "ते दर्यावर आहेत," एवढंच म्हणायची. गुलाब नुसता उंच गेला, बुंध्याला लाकूड, शेंड्याला वर्षाकाठी एखादं फूल. ते केसांत माळून ती बंदरावर जाऊन उभी राहायची. मला तिचा राग यायचा. त्या रागाची आज लाज वाटते.

अशी सहा वर्षं गेली. छत्तीसच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले, तर काकी कोयती घेऊन गुलाबापाशी उभी. तिनं आपल्या गुडघ्याशी उंची मापली आणि एकेक फांदी उतरवली. वळली तेव्हा कपाळावर कुंकू नव्हतं. माझ्या हातातलं सोनं हातातच राहिलं.

मार्गशीर्षात तांबूस पालवीवर झुपकेच झुपके आले, दादूकाका म्हणाला होता तस्सेच. काकीनं मला हाक मारली, भरगच्च झुपका खुडून माझ्या वेणीत खोवला.

"काकी, तूपण एक माळ ना," मी म्हटलं.

"आता मला चालत नाय गो," ती म्हणाली, आणि झाडाला पाणी घालायला लागली.