हिंदुरावांच्या गाळ्यातला दवाखाना

सितारा मणियारने सदाशिव पेठेतल्या नर्सिंग होमची नोकरी सोडली ती एका सलाईनच्या बाटलीवरून.

बँकेतला एक कारकून अंग मोडून आल्याची तक्रार घेऊन आला होता. ताप नाही, घसा साफ, नाडी ठीक. मार्च अखेरीच्या कामाने माणूस पिळून निघाला होता, एवढंच. सिताराने त्याला सांगितलं, "घरी जा, गरम भात खा आणि दोन दिवस झोपा." तो बिचारा आनंदाने गेला. अर्ध्या तासात मालक डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

"पेशंट घरी पाठवलात म्हणे."

"तो आजारी नव्हता सर. दमला होता."

"ते त्याला कळायचं काही कारण होतं का?" मालकांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं. "खाट रिकामी होती. एक बाटली लावली असती, तर त्यालाही बरं वाटलं असतं आणि आपल्यालाही."

सिताराची कानशिलं तापली. अनेक वर्षं ती इथे डॉक्टर म्हणून नोकरी करत होती आणि अशा बाटल्या तिने स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. वरिष्ठ सांगतात म्हणून, नोकरी हवी म्हणून. त्या दिवशी मात्र तिने अॅप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, "मग आपणच लावून घ्या. आपल्याला जास्त गरज दिसते." आणि ती तडक जिना उतरली.

गंज पेठेत तिच्या वडिलांचं, मैनुद्दीन मणियारांचं, बांगड्यांचं छोटं दुकान होतं. आयुष्यभर बायकांचे हात हातात घेऊन, गोड बोलत बांगड्या भरलेला माणूस. लेकीचं हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बेटा, गिऱ्हाइकी करायची तर जिभेवर थोडी साखर ठेवावी लागते."

"मला गिऱ्हाइकी करायचीच नाही अब्बा. मला दवाखाना काढायचा आहे. स्वतःचा."

दवाखाना काढायचा म्हणजे आधी जागा हवी. सदाशिव पेठ तिच्या पायाखालची होती, म्हणून तिथूनच सुरुवात केली. एक वयस्कर गृहस्थ जागा दाखवताना फार खूश होते. खिडकी दाखवली, नळ दाखवला, "लेडी डॉक्टर म्हणजे उत्तमच" असंही म्हणाले. मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर त्यांना एकाएकी आठवलं, की ही जागा पुतण्यासाठी राखून ठेवलेली आहे. नारायण पेठेतल्या बाईंनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. "आमच्याकडे चालत नाही," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. काय चालत नाही, हे विचारायलाही समोर कोणी उरलं नाही. याच बाई नर्सिंग होममध्ये येऊन सिताराकडून रक्तदाब मोजून घेत असत. तेव्हा हाताला हात लागलेला चालत होता.

शेवटी जागा मिळाली ती शहराच्या कडेला. खडकवासल्याच्या बाजूचं एक गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं. शेतांचे प्लॉट झाले होते, प्लॉटवर इमारती उठत होत्या. रस्ता मात्र बैलगाडीचाच राहिला होता. तिथे हिंदुराव नावाच्या जमीनदाराने चार मजली इमारत बांधली होती आणि खाली गाळे काढले होते. पांढरा सदरा, मोठी मिशी, पायात कोल्हापुरी. सिताराने या वेळी आडनाव आधीच सांगून टाकलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"मान्सं बरी करता न्हवं?" हिंदुरावांनी विचारलं.

"हो."

"मग नावाशी मला काय करायचं हाय? उद्यापास्नं या."

सिताराच्या डोळ्यांत पाणी आलं. पेठेतल्या शिकलेल्या लोकांना जे जमलं नाही, ते या माणसाने पान चघळत सहज करून टाकलं होतं. उद्घाटनाला हिंदुरावांनी स्वतः नारळ फोडला. मैनुद्दीनमियांनी पेढे वाटले, आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या मनगटाकडे सवयीने एक नजर टाकली.

पहिले काही महिने दवाखाना ओस होता. गावाला सुईची सवय लागलेली. आधीचा डॉक्टर, कसलं शिक्षण होतं देव जाणे, ताप असो, खरूज असो, की नवऱ्याशी झालेलं भांडण असो, दंडात सुई टोचायचा. सितारा तपासायला वेळ घ्यायची, दहा प्रश्न विचारायची आणि शेवटी दोन गोळ्या द्यायची. किंवा त्याही नाही. "हिला सुई टोचता येत न्हाई," अशी हाकाटी गावभर झाली. सितारा रिकाम्या बाकाकडे बघत बसायची आणि आतल्या आत धुमसायची. ज्याने एकच सुई दहा जणांना टोचली तो हुशार, आणि जिने टोचली नाही ती अडाणी!

हे चित्र पालटलं बायडाबाईंमुळे. त्या हिंदुरावांच्या थोरल्या भावाच्या विधवा. इमारतीच्या खालच्या अंगाला, जुन्या गल्लीत, मुलगा आणि सुनेबरोबर राहायच्या. सारखी चक्कर यायची. चार डॉक्टर झाले होते, डोक्याचे फोटो झाले होते. सिताराने त्यांना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगितलं. पिशवी टेबलावर उपडी केली तर रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली. दोन डॉक्टरांनी दिलेली, आणि म्हातारी इमानाने दोन्ही गिळत होती.

"यातली ही बंद," सितारा म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

आठवड्याभरात बायडाबाई शेतात खुरपायला गेल्या. त्यानंतर त्यांनी डॉक्टरीणबाईंची जी जाहिरात केली, तिला तोड नव्हती. बाकावर जागा मिळेनाशी झाली. त्यांची सून हेमा पोटुशी राहिली, तेव्हा तीही याच दवाखान्यात येऊ लागली. बोलकी पोर. वजनकाट्यावर उभी राहिली की चपला काढून म्हणायची, "बघा ओ ताई, भाव काय आलाय."

गणपती झाल्यावर गल्लीत कावीळ सुरू झाली. आधी एक रिक्षावाला आला, डोळे हळदीसारखे. मग त्याची बायको. मग शेजारच्या घरातले दोघे भाऊ आणि कोपऱ्यावरच्या घरातलं दीड वर्षाचं बाळ. मोठ्या दवाखान्यांत यातला एकेक जण वेगवेगळा गेला असता, तर कोणाच्या काही लक्षात आलं नसतं. इथे सगळे एकाच बाकावर येऊन बसत होते. सितारा दवाखाना बंद करून गल्लीत गेली आणि घरोघर हिंडली. ज्या घरांत गल्लीच्या नळाचं पाणी होतं, तिथे आजार होता. पलीकडे विहिरीचं पाणी पिणाऱ्यांना काही नव्हतं. सकाळी नळ आला की पहिल्या हंड्याला वास येतो, हे प्रत्येक बाईने सांगितलं. कधीपासून? तर हिंदुरावांच्या इमारतीत लोक राहायला आले तेव्हापासून. इमारतीच्या सांडपाण्याचा पाइप गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या नळाला लागूनच जमिनीत घातला होता. एकच चर, एकच खर्च.

तिने घरोघरी पाणी उकळायला सांगितलं आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "मॅडम, पाण्यात दोष नाही. लोक बाहेरचं खातात. पाणीपुरी, भेळ वगैरे."

"दीड वर्षाचं बाळही पाणीपुरी खातं का?"

साहेब हसले. "रस्ता खोदायला परवानगी लागते. वरून मंजुरी यावी लागते. दिवाळीनंतर बघू."

त्यांच्या टेबलावर विकतच्या पाण्याची बाटली होती. अर्धी प्यायलेली. सिताराचं लक्ष तिच्यावर गेलं आणि तिने चहाचा कप तसाच बशीत ठेवला.

"आपण नळाचं पाणी पीत नाही वाटतं?"

"ते... घशाचा जरा त्रास आहे."

"घशाचा नाही, साहेब. आपल्याला माहीत आहे, याचा त्रास आहे." ती उठली. "दिवाळीपर्यंत गल्लीत कोण कोण उरतं, ते कळवीन मी आपल्याला."

त्यानंतर ती तीनदा गेली. साहेब कधी मीटिंगला होते, कधी साइटवर.

तिने हिंदुरावांनाही गाठलं. मनात होतं की हा माणूस ऐकेल. ज्याने नावही न बघता जागा दिली, तो हे ऐकणार नाही असं कसं होईल? हिंदुराव ऐकत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "डाक्टरीणबाई, वरचे फ्लॅट अजून इकायचे हायेत. घाण पाण्याची बोंब झाली तर कोण घील? जरा दमानं घ्या. मी तुमाला जागा दिली न्हवं?"

उपकाराची परतफेड इतक्या लवकर आणि अशी मागितली जाईल, असं सिताराला वाटलं नव्हतं. "हिंदुराव, तुमच्या वहिनींच्या घरात तेच पाणी जातं. हेमाला आठवा महिना आहे. पोटुशी बाईला ही कावीळ झाली तर ती वाचेलच असं नाही."

"आवं, उकळून पितात की त्ये."

पीत होते. पण हेमाने कधीतरी, तहान लागली असेल, शेतातून आली असेल, नळाखाली ओंजळ धरली असेल. कोण सांगणार? दसऱ्याच्या आधी तिला मळमळू लागलं. सिताराने तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि काही न बोलता रिक्षा बोलावली. मोठ्या इस्पितळात ती स्वतः बरोबर गेली. हेमा बेशुद्ध होण्याआधी बडबडत होती, आणि तिला काय म्हणायचं होतं ते कोणालाच समजत नव्हतं. बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी हेमा गेली.

साहेब म्हणाले होते, दिवाळीनंतर. दिवाळी अजून लांब होती.

हेमाचा दहावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सितारा दवाखान्याचं शटर उघडत होती. गल्लीच्या तोंडाशी कुदळीचा आवाज आला. बायडाबाई रस्ता खोदत होत्या. एकट्या. पदर कमरेला खोचलेला. दोन बायका धावत आल्या, त्यांना वाटलं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. बायडाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग त्यातलीच एक घरात गेली आणि फावडं घेऊन आली. थोड्या वेळाने आठ-दहा बायका झाल्या, रिक्षावाला झाला, त्याचे पिवळे डोळे अजून पुरते निवळले नव्हते.

हिंदुराव तरातरा आले. "वयनी, काय चाललंय ह्ये? सरकारी रस्ता हाय!"

बायडाबाई थांबल्या. कुदळीवर हात टेकवून दिराकडे बघत राहिल्या. "व्हय का? मग सरकारला बोलीव. आमी कवापास्नं बोलवतोय."

हिंदुराव बाजूला झाले.

कमरेइतकं खोदल्यावर पाइप दिसला. सांडपाण्याच्या जोडाला हातभर चीर होती. तिच्यातून काळं पाणी झिरपून खालच्या गंजक्या नळावर पडत होतं. वास असा, की उभ्या बायकांनी पदर नाकाला लावले. सितारा काठावर उभी होती. आपलं खरं निघालं, याचा तिला कणभरही आनंद झाला नाही. ओरडून ओरडून घसा बसलेल्या माणसाला शेवटी कोणीतरी 'काय म्हणालात?' विचारावं, तसं झालं.

दुपारी साहेबांची जीप आली. बरोबर माणसं, नवे पाइप, सगळं. ना परवानगी आड आली, ना वरची मंजुरी. जे काम दिवाळीनंतरही झालं नसतं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरं झालं. साहेबांनी निघताना सिताराला नमस्कार केला. "आपण पाठपुरावा छान केलात, मॅडम." तिने नमस्कार परत केला नाही. एवढंच तिच्या हातात होतं. साहेबांना पुढे काही झालं नाही. वर्षभरात बढती तेवढी मिळाली.

महिन्याभरात हिंदुरावांनी गाळा रिकामा करायला सांगितलं. स्वतः आले नाहीत, दुसऱ्या भावाचा मुलगा सर्जेराव निरोप घेऊन आला. "चुलते म्हंत्यात, जागा घरातल्या मानसाला लागतीय."

सितारा मोठ्याने हसली. सर्जेराव बिचकला. ती म्हणाली, "असं सांगायला तुमच्या चुलत्यांनी सदाशिव पेठेत जाऊन कोणाकडून शिकून घेतलंय का?"

तिने दवाखाना पुढच्या वळणावर, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत हलवला. उन्हाळ्यात तिथे भट्टी व्हायची. बाक मात्र पहिल्या दिवसापासून भरला. मैनुद्दीनमियांनी लेकीच्या जिभेवर साखर ठेवायचा नाद सोडून दिला. उलट दुकानात बसून ते सांगू लागले, "आमची डॉक्टर फार चिडते. तिच्याकडेच जा."

पुढे बरीच वर्षं गेली. एकदा हिंदुरावांचा ड्रायव्हर आला आणि मालकांसाठी रक्तदाबाच्या गोळ्या मागू लागला.

"पेशंटला पाठवा," सितारा म्हणाली. "तुमच्या दंडाला पट्टा बांधून त्यांचा रक्तदाब मला समजत नाही."

दोन दिवसांनी हिंदुराव आले. मिशी पांढरी झाली होती, काठी आली होती. इतर पेशंटांबरोबर बाकावर नंबर येईपर्यंत बसले. सिताराने त्यांना कोणालाही तपासते तसंच, सावकाश तपासलं. पाय सुजलेत का बघितलं, झोप कशी येते विचारलं. हेमाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

उठताना ते म्हणाले, "तुमचा राग काय गेला न्हाई अजून."

"नाही," सितारा म्हणाली. "ही गोळी रोज सकाळी, नाश्त्यानंतर. मीठ कमी करा. आणि पंधरा दिवसांनी या, पुन्हा बघायला लागेल."

त्यांनी मान हलवली आणि ते हळूहळू बाहेर पडले. सिताराने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.