बहाव्याचं बी आणि पारूबाई

बोईसरला आमच्या कंपनीच्या मागच्या अंगाला नर्सरी आहे. नर्सरी कसली, हिरवी जाळी आणि दोन माणसं: मुकादम म्हणून मी, शिवाजी, मूळचा जामखेडचा, आणि डोंगरातल्या पाड्यावरून येणारी पारूबाई. यंदा साहेबांनी बजावलं, बहाव्याची चारशे रोपं करून दाखवा, नाहीतर नर्सरी बंद. मला काय, मी कंपनीच्या स्टोअरला गेलो असतो. पारूबाईला मात्र पुन्हा वीटभट्टी होती, आणि चौथीतली नात दीपा शाळा सोडून तिच्याबरोबर. दीपाला दुसरं कुणी नाही.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. बहाव्याचं बी टणक, म्हणून कँटीनच्या शेगडीवर दहा मिनिटं चांगलं उकळलं. एक कोंब आला नाही. आमटीच झाली की त्याची!

"बी शिजवलात, भाऊ," पारूबाई म्हणाली. एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेलं बी तिनं हाती घेतलं. खडबडीत दगडावर एकेक बी घासायची, आतलं पांढरं दिसेपर्यंतच. "नाकाकडं नाय घासायचा. मोड तिथनंच येतो." तीन दिवस ती घासत होती. गुरुवारी संध्याकाळी काम संपलं आणि मी म्हणालो, टाका भिजत.

"उद्या पेरायला लागंल हां. एक रात बास."

"उद्या शुक्रवार, कंपनीची साप्ताहिक सुट्टी. शनिवारी बघू."

तिनं बी भिजत टाकलं आणि पाड्याकडं निघाली. मला वाटलं, पटलं.

शुक्रवारी सकाळी मी घरी पोहे खात होतो, तर वॉचमनचा फोन. पारूबाई गेटवर बसलीय आणि उठायला तयार नाही. माझं डोकंच फिरलं. तसाच गाडीवर गेलो.

"अहो, सुट्टीच्या दिवशी काय हे!"

"बी फुगलाय भाऊ. उद्यापत्तूर पाण्यात कुजंल. बाहेर काढून ठेवला तर वाळंल. फुगला का त्याच दिशी मातीत." मग आवाज बदलला. "हा गेला तर दुसरा बी नाय आपल्याकडं."

वॉचमनशी हुज्जत घालून आत शिरलो. बी खरंच दुपटीनं फुगलं होतं. फुगलेलं तेवढं वेचलं. जे तसंच टणक राहिलं होतं ते तिनं पुन्हा घासून भिजत टाकलं. रोपांच्या पिशव्या मातीनं भरलेल्या होत्याच. बोटाचं अर्धं पेर खोल, वर भुसभुशीत माती, दाबायची नाही. मी दाबली तर माझ्या हातावर चापट बसली. पाणी झारीनं, हलकं. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघंच होतो. घरी बायकोनं मला धारेवर धरलं ते वेगळंच.

नवव्या दिवशी कोंब दिसले. महिन्यानं साहेबांनी स्वतः फिरून मोजलं. चारशे बारा! नर्सरी चालू ठेवा म्हणाले.

मी पळतच गेलो. पारूबाई गवत उपटत होती.

"पारूबाई, राहिली नर्सरी! भट्टीवर जायचं नाही आता!"

तिनं हात पदराला पुसले. सहा वर्षांत ही बाई माझ्यासमोर कधी रडली नव्हती, ती मातीतच बसली आणि हमसून हमसून रडली. मग मान वर करून म्हणाली, "पोरीला सांगितलं होतं, वह्या बांधून ठेव म्हणून. तिनं कालच बांधल्या."