भूमध्य समुद्राची तालीम

दादा गळ्यातली शिट्टी ओठांशी न्यायचा, सगळ्यांवर एकदा नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "आधी तालीम!" की जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या आमच्या इमारतीतली दोन घरं कामाला लागायची. एक त्याचं आणि शेजारचं आमचं.

दादा मूळचा नागपूरचा. उपग्रहांवर लक्ष ठेवायची नोकरी. कुठल्या कुठे फिरणाऱ्या यंत्राला हा खुर्चीत बसून वळण लावायचा, पण चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या बाल्कनीत पाऊल टाकायचा नाही. कुंड्यांना पाणी घालायचं तर दारात उभा राहून झारीचा नेम धरायचा. थोडं कुंडीत, बाकी खालच्या मजल्यावर. उंचीला घाबरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण एवढी भीती आणि एवढा रुबाब एकाच अंगात मी तरी पाहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात त्याची आई आली होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकूंनी फोनवर कुणा बाईला समुद्रावर छत्रीखाली तरंगताना पाहिलं आणि जाहीर केलं, "मले हे करायचं आहे." त्यांच्या परतीच्या तिकिटाला थोडेच दिवस उरले होते. आईला नाही म्हणणं दादाला कधी जमलंच नाही. त्यानं फ्रान्सचा दक्षिण किनारा शोधला. एक दिवस बोट, एक दिवस पॅराग्लायडिंग.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "पण आधी तालीम."

बोटीची तालीम सोफ्यावर झाली. मी, माझा नवरा निखिल आणि काकू ओळीनं बसलो. दादा मागून सोफा गदागदा हलवत ओरडायचा, "लाट डावीकडून! वजन उजवीकडे!" काकू प्रत्येक लाटेला माझ्या मांडीवर यायच्या. निखिलला त्यानं उलटीप्रमुख नेमलं होतं. हातात पिशव्या, खिशात आवळा सुपारी.

उडायची तालीम घरामागच्या गवताच्या उतारावर, तीही रविवारी. आमच्या पाठीला एकेक चादर बांधली. "पळायचं! जमीन संपली तरी पळायचं! मध्येच बसायचं नाही!" दादानं शिट्टी फुंकली. पदर खोचून, पायात निखिलचे बूट घालून काकू चार पावलं पळाल्या आणि हसून हसून तिथेच बसल्या. त्यांच्या चादरीत पाय अडकून मी पडले, माझ्यावर निखिल.

दुसऱ्या मजल्यावरची जर्मन आजी खिडकीतून हे सगळं पाहत होती. तिनं विचारलं, "थिआटर?"

"नाइन," दादा गंभीरपणे म्हणाला. "मिटेलमेअर." नाटक नव्हे, भूमध्य समुद्र.

जर्मनीत रविवारी आवाज करायचा नसतो, आता बोलणी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. आजी थोडा वेळ विचार करून म्हणाली, मग गुडघे आणखी वर उचला.

प्रत्यक्षात बोटीवर कुणालाच काही झालं नाही, फक्त उलटीप्रमुखाला झालं. काकूंनी त्याला त्याच्याच खिशातली सुपारी भरवली आणि पुढच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उद्या तिथून."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या डोंगरावर उभे. खाली निळा समुद्र, वर रंगीत छत्र्या. काकूंनी त्यांना सोबत घेऊन उडणाऱ्या पायलटला "जय भीम" केलं, त्यानंही हात जोडून अगदी तस्संच म्हटलं. दादा कड्यापासून लांब, एका झाडाला पाठ लावून उभा होता. त्याच्या कामावर काहीही हलवायच्या आधी एकेकाला विचारतात आणि प्रत्येकानं "गो" म्हणायचं असतं. तेच त्यानं इथे सुरू केलं.

"बुटांच्या नाड्या?"

"गो!"

"हेल्मेट?"

"गो!"

"आई?"

"मी गो," काकू म्हणाल्या. "अन् तू?"

दादानं झाडाला आणखी घट्ट पाठ लावली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या तालमी झाल्या, पण हा माणूस एकदाही पळाला नव्हता. सोफा हलवला, चादरी बांधल्या, शिट्टी फुंकली. आमच्या चौघांच्या बेतात उडणारी माणसं तीनच होती. आम्हा शहाण्यांच्या ते लक्षातही आलं नाही. काकूंच्या मात्र पहिल्या दिवसापासून आलं होतं.

"मी खाली थांबतो ना. सामान बघायला कुणीतरी पाहिजे."

"मग माझंही नो गो." काकू हेल्मेटसकट दगडावर बसल्या. "दोघं उडू, नाहीतर दोघं सामान पाहू."

पायलट वाऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागला. तो वारा फार वेळ थांबणार नव्हता. दादानं आईकडे पाहिलं. काकू ढिम्म. मग तो झाडापासून सुटला, हेल्मेट आणि पट्टे चढवून घेतले, डोळे गच्च मिटले आणि मोकळ्या असलेल्या एका पायलटला म्हणाला, "मला विचारू नका. फक्त ढकला."

काकूही लगेच उठल्या. मायलेकरं एकामागोमाग पळाली. काकू हसत, दादा किंचाळत. जमीन संपली तरी त्याचे पाय हवेत पळतच होते.

निखिल आणि मी उडालो, उतरलो. काकू आमच्या आधीच वाळूवर उभ्या होत्या, कपाळावर हात धरून वर बघत. दादा काही खाली येईना. त्याच्या पायलटला चढता वारा मिळाला होता. "काय करून राहिला हा?" त्या म्हणाल्या. तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. शेजारी राहून इतकी वर्षं झाली, पण दादाचं असं खदाखदा हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"दहावीत होता, तेव्हा याचे बाबा गेले," काकू हळूच म्हणाल्या. "तवापासून सारं घर धरून उभा आहे. कधी निवांत बसला नाही."

काकू नागपूरला परतल्या. पुढच्या वर्षी दादालाही दुसऱ्या देशात नोकरी लागली, आणि त्याच्या घरात आता कुणी अबोल जोडपं राहतं. मला त्याची आठवण फार येते. आली की डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहतो. वाळूवर आम्ही तिघं माना वर करून उभे, आणि खूप वर, निळ्या आभाळात, पारावर बसलेल्या पोरासारखे दोन पाय मजेत हलताहेत.