चंद्रमती आत्याचं पाणी

चंद्रमती आत्याच्या सोवळ्याचा आमच्या घरात फार तोरा होता. तिरुवैयारुच्या पलीकडे एका खेड्यातल्या शाळेत ती गणित शिकवायची. सकाळी आठला तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून निघायची, साडेपाचला परतायची. तेवीस वर्षांत तिनं शाळेत पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. घरी आली की आधी न्हाणीघर, मग उभ्या उभ्या तांब्याभर पाणी. माझे वडील, अप्पा, हे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मी तिला उंट म्हणायचे. ती नुसती हसायची.

चौऱ्याण्णव साली तिला थंडी वाजून ताप येऊ लागला, कंबर धरून ती जमिनीवर बसायची. एक्स-रेमध्ये उजव्या मूत्रपिंडात खडा दिसला, फांद्या फुटलेला, आल्याच्या गड्ड्यासारखा. डावं मूत्रपिंड कधीच सुकून गेलं होतं. मद्रासला तेव्हा यंत्रानं बाहेरून खडे फोडत. पण एवढा मोठा फोडला तर तुकडे वाटेत अडकतील, म्हणून डॉक्टरांनी कूस उघडून तो काढला. तीन तास लागले. मी बाहेर बाकावर बसून देवाशी भांडत होते.

"पाणी किती पितात या?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहेरचं पाणी चालत नाही हो तिला," अप्पा ताठ मानेनं म्हणाले.

"मग घरचं न्या. रोज तीन लिटर, दिवसभर थोडं थोडं. पुन्हा खडा झाला आणि हेही मूत्रपिंड गेलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

अप्पांनी पितळेचा मोठा फिरकीचा तांब्या आणला. दोन महिन्यांनी आत्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा तो रोज भरून द्यायचं काम माझं. आठवड्याभरातच माझ्या लक्षात आलं, तांब्या संध्याकाळी तितकाच जड परत येतो. माझा संताप संताप झाला.

"घरचं पाणी आहे, तुझंच भांडं आहे. आता कसलं सोवळं? मरायचंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी मी बँकेत रजा टाकली आणि तिच्या शाळेत जाऊन थडकले. तिच्या मुख्याध्यापकांकडेच तक्रार करायची, असं ठरवून निघाले होते.

बसमध्ये तासभर हादरे खाऊन मला आधी जाणं भाग होतं. भामा नावाच्या तिथल्या शिक्षिकेला मी बाथरूम कुठे म्हणून विचारलं. तिनं मान खाली घातली. पुरुषांसाठी मैदानाच्या टोकाला एक आडभिंत होती. बायकांसाठी काहीच नव्हतं.

"मग तुम्ही काय करता?"

"घरी गेल्यावर," भामा म्हणाली. "पोरीपण."

मी मुख्याध्यापकांना न भेटताच परतले. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली. तेवीस वर्षं ती घरात शिरताच आधी न्हाणीघराकडे पळत होती, आणि मी उंट म्हणून हसत होते.

"आम्हाला सांगायचं तरी होतंस," मी तिला म्हटलं.

"कसें सांगूं ग? सोवळं म्हटलं की कोणी पुढें विचारत नाहीत. उलट मान देतात." मग कुशीवरच्या व्रणावर हात ठेवून म्हणाली, "हें एकच मूत्रपिंड उरलंय, नाही का?"

पुढचं मला भामानं सांगितलं. सोमवारी शिक्षकांची बैठक होती. मुख्याध्यापक चिदंबर बोलत असताना आत्यानं तांब्याची फिरकी उघडली आणि सगळ्यांसमोर, न थांबता, पाणी प्यायला लागली. सगळे बघतच राहिले. तांब्या रिकामा करून तिनं तोंड पुसलं आणि तमिळमध्ये, वर्गात गणित घालावं तशा आवाजात म्हणाली, "सर, आता तासाभरात मला जावं लागेल. कुठे जाऊ, ते सांगा."

तासाभरानं चिदंबरांनी तिला शेजारच्या आपल्या घरी नेलं आणि बायकोला दार उघडायला सांगितलं. पोंगलनंतर आवारात विटा येऊन पडल्या.

संडास उघडला त्या दिवशी आत्या तिथं गेली, तर दारासमोर नववी-दहावीच्या मुलींची रांग होती. ती रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या आठवड्यापासून त्या मुली घरून पाण्याच्या बाटल्या आणू लागल्या.